आधी सिनेमा की आधी मालिका

कल्याणला नेणारी रिक्षा दारात उभी होती, आई माझ्या बॅगेत चकल्यांचा डबा कोंबत होती आणि दादा ओट्यावर बसून माझं सीड्यांचं पाकीट चाळत होता. तेरांपैकी एक सीडी त्याने काढून घेतली. म्हणाला, "ही इथंच राहू दे. तुझंच खरं, सिनेमा शेवटी बघायचा. पण घरी येऊन." मी बंगळुरूला नोकरीला निघाले होते, पण भांडण जिंकल्याच्या आनंदात रडायचंच विसरले.

ते भांडण महिनाभर चाललं होतं. दादाने सायबर कॅफेतून एक जपानी ॲनिमे मालिका भरून आणली होती. गोष्ट भलतीच काळीकुट्ट. एका गावातल्या माणसांच्या सावल्या एकेक करून नाहीशा होतात आणि ज्याची सावली गेली तो आठवड्यात मरतो. बारा सीड्या मालिकेच्या, तेरावी सिनेमाची. सिनेमा निघाला सगळ्यात शेवटी, पण त्यात गोष्ट सगळ्यात आधीची, पहिली सावली कशी गेली त्याची. दादा आमच्या भिवंडीतच, कामतघरच्या लूमवर राच भरायचा, म्हणजे विणायला घेण्याआधी एकेक धागा क्रमाने ओवून घ्यायचा. एक चुकला की अख्ख्या ताग्यात रेघ पडते. त्यामुळे त्याचं म्हणणं, "आधी घडलं ते आधी बघायचं. धागा काय मधनंच घेतात काय?" माझं म्हणणं, गुपित आधीच कळलं तर बारा सीड्या बघायच्या कशाला? आई वैतागायची, "सगली मरायचीच हायत ना? मग आधी काय नि मागनं काय!"

बंगळुरूत कॉल सेंटरला मला रविवारची सुट्टी मिळाली. भिवंडीतले लूम बंद असतात शुक्रवारी. बारा सीड्यांची दुसरी प्रत दादाने स्वतःसाठी काढून ठेवली होती, आणि दोघांनी एकाच वेळी बघायचं हे तर ठरलेलं. मग मी टीम लीडरकडे शुक्रवार मागितला. बाकीचे रविवारसाठी हुज्जत घालत होते, त्यामुळे तो माझ्याकडे बघतच राहिला. सोबतच्या सोलापूरच्या मुलीने विचारलं, संतोषीमातेचा उपास का गं? मी सरळ हो म्हणून टाकलं. पुढे दोनदा मला रविवार देऊ केला गेला, दोनदा मी नाही म्हटलं. गाव सोडलं होतं, शुक्रवार सोडायचा नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

सकाळी अकराला दादाचा मिस्ड कॉल यायचा. एक रिंग म्हणजे प्ले. लागोपाठ दोन म्हणजे तिकडे लाइट गेली, थांब. तिकडच्या लोडशेडिंगपायी मी इकडे झगझगीत उजेडात, थांबलेल्या चित्रासमोर तास तास बसलेय. लूमची खडखड नसलेल्या त्या खोलीत मला फार एकटं वाटायचं. पण सीडी कधी एकटीने पुढे नेली नाही.

बारा सीड्या संपल्यावर रजा काढून घरी गेले. शुक्रवारच होता. आई शेजारी वाटाणे सोलत बसली, दादाने सिनेमा लावला. अर्धा झाला असेल, तोच तो म्हणाला, "आता डोले मीट."

मी मिटले, आणि लगेच उघडले. "तुला रे कसं ठाऊक?"

दादा पडद्याकडेच बघत राहिला. "बघितलाय. तू जायच्या आधी."

"म्हणजे शेवटी स्वतःचंच खरं केलंस!"

"तसं न्हाय गं. तू तिकरं एकटी बसून बघनार. भलतंच काय असलं तर? म्हनून आधी बघून घेतला. लय वाईट हाय. मंग काढला पाकिटातनं."

म्हणजे पहिली रिंग देण्याआधीच त्याला सगळं गुपित ठाऊक होतं. तरी दर शुक्रवारी तो माझ्यासोबत पहिल्यांदाच बघतोय असा बसला, फोनवर "आता कोणाची सावली जाते गं?" असंही विचारायचा. रिक्षाच्या वेळचं राहिलेलं रडू मला तिथे फुटलं. आईला वाटलं, सिनेमाच तसा आहे.

दादा, आता माझं इथे स्वतःचं गॅस कनेक्शन आहे, कन्नडमध्ये भाजीवाल्याशी घासाघीसही करते. पण घर कुठलं म्हटलं की मला तुझं ते "डोले मीट" आठवतं. पुढचं वाईट आधी स्वतः बघून घेणारं माणूस जिथे आहे, तिथलीच मी. नव्या मालिकेचा क्रम तूच लाव. तू आधी बघून घेतोस हे मला कळतं, आणि मीही काही बोलत नाही. आज शुक्रवार आहे, अकराला पाच कमी. रिंग दे.