अब्बासचा पालथा हात

कल्पना करा, तुमच्या डाव्या हातात करंगळीहून बारीक असा चामड्याचा पट्टा आहे. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मांडीएवढी उंच कुत्री. पट्टा ताणायचा नाही आणि लोंबूही द्यायचा नाही. तुम्ही चाललात की तिनं चालायचं, तुम्ही थांबलात की तिनं थांबायचं. पुढचे पाय सरळ खाली, मागचे जरा मागे, पाठ सपाट. कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा परीक्षक जवळ आला की तुम्ही गुडघ्यावर बसायचं, तिची हनुवटी तळहातात हलकेच धरायची आणि तोंड समोर ठेवायचं. साधारण दहा सेकंद. त्या वेळात बघणाऱ्यांना कुत्री दिसली पाहिजे, तुम्ही दिसता कामा नये.

हे दहा सेकंद शिकायला देवळाली कॅम्पातला अब्बास मोमीन वयाच्या सोळाव्या वर्षी एकटा विलायतेला गेला. साल १९३५.

अब्बासचं घराणं येवल्याच्या विणकरांचं. वडील वारल्यावर आई जैतुनबी त्याला घेऊन देवळालीला आपल्या भावाकडे आली. हा भाऊ, नजीरमामू, एका मेजरच्या बंगल्यावर खानसामा होता. मेजर सरहद्दीवर असताना तिथून त्यानं एक अफगाण जातीचं पिल्लू आणलं होतं. लांब पाय, अरुंद तोंड, अंगावर सोनेरी रेशमासारखे केस. त्या केसांचा गुंता कोणालाच सुटेना. अब्बास बाराव्या वर्षापर्यंत वडिलांच्या मागाशेजारी बसून तुटलेले रेशमाचे धागे सांधत होता. तो पिल्लापाशी बसला, आणि तासाभरात पिल्लू त्याच्या पायाशी झोपलेलं, एकही केस न तुटता मोकळं झालेलं. मेजरच्या मेमसाहेबांनी त्याला तिथंच कामावर ठेवलं. पिल्लाचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. अब्बास तिला शालू म्हणू लागला.

जैतुनबीनं नोकरीला एकाच अटीवर होकार दिला.

"कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यात नमाज होत नाही. लागली, तर बाहेरच धुवायचं. सात पाण्यांनी, त्यात एकदा मातीनं. त्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

"अम्मी, थंडीत?"

"थंडी काय, नमाजीला सुट्टी देते?"

कपड्यांचे जोड दोनच होते. डिसेंबरातलं देवळालीचं पाणी हाताला चावतं. तेव्हा अब्बासनं शालूला एक धडा शिकवला. तिचं तोंड जवळ आलं की तो पालथा हात पुढे करी आणि हळूच म्हणे, "परे," म्हणजे दूर. आठवड्यात ती शिकली. महिन्याभरानं "परे" म्हणायचीही गरज उरली नाही. हात पालथा दिसला की शालू तोंड बाजूला वळवी आणि तशीच उभी राही, अंगाला अंग लावून, पण तोंड दूर. जैतुनबीला सात पाणी काढायची वेळ क्वचितच आली.

मेमसाहेबांची थोरली बहीण इंग्लंडात अशा कुत्र्यांचं मोठं घर चालवत होती. तिनं लिहिलं, कुत्री पाठव, आणि तिला सांभाळणाऱ्या मुलालाही पाठव. प्रदर्शनात कुत्रं कसं दाखवायचं ते त्याला शिकवते. मेमसाहेबांनी अब्बासला बोलावून साफ सांगितलं, "पुढच्या उन्हाळ्यात रिंगणात ती तुझ्या हाताखाली नीट उभी राहिली, तर तुम्ही दोघं परत या. नाही राहिली, तर ती तिकडेच राहील. दुसऱ्याच्याच हातात उभं राहणारं कुत्रं मला इथे काय कामाचं?"

नोव्हेंबरात खंडेरावांच्या टांग्यातून अब्बास आणि शालू स्टेशनावर निघाले.

"लोकं तिकडं ब्यारिस्टर व्हायला जात्यात," खंडेराव म्हणाले, "अन् तू कुत्रं चालवायला शिकाया चालला. आरं, आमच्या गल्लीतली न शिकवता पळत्यात."

"चाचा, पळवायचं नाही. उभं करायचंय."

"उभं? मग माझा घोडा घेऊन जा. त्यो चढावर आपसूक उभा राहतो." मागं वळून त्यांनी शालूकडे पाहिलं. "नाव काय म्हणला? शालू? लय झालं बाबा. आमच्या घरात बायकूला, सिंधुबाईला, धड लुगडं नाय अन् हितं कुत्री शालू."

अब्बास हसला. त्यानंतर कोणी आपल्या बोलीत त्याची थट्टा केली ती दहा-अकरा महिन्यांनी.

आगबोटीवर कुत्र्यांची राखण खाटकाकडे असते, हे अब्बासला तिथे कळलं. खाटीक गोरा होता, पण भला. तो अब्बासला दिवसातून दोनदा शालूपाशी सोडी. तीन आठवडे दोघं डेकच्या एका कोपऱ्यात बसत. एडनच्या पुढे वारा सुटला तेव्हा शालूचे कान पतंगासारखे उडत.

बोट लागली आणि एक माणूस लोखंडी जाळीची पेटी घेऊन आला. बाहेरून येणारं प्रत्येक कुत्रं पिसाळण्याच्या भीतीनं सहा महिने वेगळं ठेवायचं, असा तिकडचा कायदा. मेमसाहेबांनी हे सांगितलं होतं. अब्बासनं ऐकलंही होतं. प्लेगाच्या वेळी नाशकात माणसांना क्वारंटीनमध्ये ठेवत, अम्मी सांगायची. पण सहा महिने म्हणजे किती, हे पेटीचं दार लागताना समजलं. शालू आतून त्याच्याकडे पाहत होती. तो काही बोलला नाही.

मेमसाहेबांच्या बहिणीला सगळे मिस पेल म्हणत. उंच, सुरकुतलेली, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. कुत्र्यांच्या घरात काम करणाऱ्या चौघी, सगळ्या मुलीच. अब्बासला धान्याच्या कोठीवरची खोली मिळाली. मुली संध्याकाळी चुलीपाशी बसून हसत. तो आला की हसणं थांबे, सगळ्या नीट बसत, मग कोणीतरी हवेबद्दल बोले. म्हणून त्यानं जाणं सोडलं.

कोठीवर तो नमाज पढे. पहिला आठवडा सवयीनं मावळतीकडे तोंड करून. इकडे मक्का मावळतीला असते ना! एक दिवस पढताना त्याच्या ध्यानात आलं की तो मक्केला पाठ करून उभा आहे. बोटीतून आपण मक्केला मागे टाकून आलो. विचारायचं कोणाला? चार मुलींतली डॉरिस जरा बोलकी होती. तिच्याकडे शाळेतला नकाशा होता. त्यावर त्यानं पट्टी ठेवली, सूर्य कुठे उगवतो ते खुणेनं विचारलं आणि दिशा काढली.

"तुझं घर कुठे?" डॉरिसनं विचारलं.

त्यानं मुंबईच्या वर, किंचित उजवीकडे बोट ठेवलं. तिथे नाव नव्हतं.

काम मात्र तो झपाट्यानं शिकला. मिस पेल उकडलेल्या काळजाचा तुकडा गालात ठेवी आणि रिंगणात कुत्र्याचं लक्ष वेधायला काढी. अब्बासनं मान हलवली. हलाल नव्हतं ते. मिस पेल खांदे उडवून म्हणाली, "खिशात ठेव मग." इथे कामाचा जाड डगला वेगळा होता आणि नमाजाचे कपडे वर खोलीत. त्यामुळे लाळेची धास्ती नव्हती. टोबी नावाचं म्हातारं कुत्रं त्याचा तळवा, मनगट, कोपर सगळं चाटून काढी आणि मग पुतळ्यासारखं उभं राही. फेब्रुवारीत मिस पेल म्हणाली, "तुझ्या हातात रेशीम आहे." हे शब्द त्यानं पत्रात लिहिले. मामूनं वाचून दाखवल्यावर जैतुनबी रडली, असं मामूनं उलट लिहिलं. शेवटी अम्मीचा निरोप: सात पाणी विसरू नको.

क्वारंटीनची जागा आगगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. भेटायची परवानगी मालकाला, आणि मालक देवळालीत. सहा महिने अब्बासनं शालूला पाहिलं नाही.

जूनमध्ये ती आली. मोटारीतून उतरली. वाढली होती, केस निस्तेज झाले होते. अब्बास अंगणात हात पुढे करून उभा होता. ती चालत त्याच्यापाशी आली, तिनं गुडघ्यापासून कमरेपर्यंत त्याला हुंगलं. आणि तोंड बाजूला वळवलं.

"रुसली आहे," मिस पेल म्हणाली. "सोडून गेलेल्या माणसाला कुत्री अशीच वागवतात. किंवा विसरली असेल. सहा महिने म्हणजे कुत्र्याचं केवढं तरी आयुष्य."

पुढचे पाच आठवडे तो रोज सकाळी तिला घेऊन मैदानात जाई. ती चाले छान. उभी राही छान. फक्त हनुवटीला हात गेला की मान वळे. डॉरिसनं धरली तर मान सरळ, डोळे वर, कान पुढे. अब्बास रात्री स्वतःशी हिशेब मांडी: बोटीवर आपण काही केलं का? पेटीपाशी बोलायला हवं होतं का?

प्रदर्शनाचा दिवस. तंबूच्या बाहेर हिरवं रिंगण, सात कुत्री. शालू त्याच्या बाजूनं अशी चालली की कडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक जवळ आला. अब्बास गुडघ्यावर बसला, हात पुढे केला. शालूनं मान वळवली. पाठीची सपाट रेघ मोडली. परीक्षकानं खुणावलं, पुन्हा. त्यानं पुन्हा हात पुढे केला, आणि या वेळी त्यानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

हात पालथा होता.

टोबीकडे तळवा जायचा. हिच्याकडे जाताना हात आपोआप उलटा होत होता, देवळालीतल्यासारखा. त्यानं झटकन हात सुलटा केला. पण परीक्षक वहीत काहीतरी लिहून पुढच्या कुत्र्याकडे गेला होता.

तंबूमागे अब्बासनं मिस पेलला गाठलं. त्याचं इंग्रजी तोकडं. "मी शिकवलं," तो म्हणाला. "हे. तोंड तिकडे. मी शिकवलं तिला."

मिस पेलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज मऊ होता. "बाळा, असं कुत्र्याला कोणी शिकवत नाही."

सप्टेंबरात शालू तिथेच राहिली. निघायच्या सकाळी अब्बास तिच्या गजाआड गेला, तळवा उघडा करून तिच्यापुढे बसला. नमाजाचे कपडे अंगावर होते. मुद्दाम तेच घातले होते. "चाट," म्हणाला. तिनं तळवा हुंगला, तोंड वळवलं आणि उभी राहिली. मोटारीचा भोंगा वाजेपर्यंत तो तसाच बसून होता.

देवळाली स्टेशनावर खंडेराव टांगा घेऊन आले होते. "काय मास्तर, विद्यार्थीण नापास झाली म्हनं?" ते म्हणाले, आणि अब्बासचा चेहरा पाहून त्याची वळकटी स्वतःच उचलून टांग्यात ठेवली. घरापाशी जैतुनबीनं सवयीनं बादली भरून ठेवली होती. तिनं त्याच्या मागं पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे, आणि बादली उचलून झाडांना ओतली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. अब्बास आता मेमसाहेबांची नवी कुत्री मुंबईला, पुण्याला दाखवतो. बक्षिसं मिळतात. नव्या कुत्र्यांना तो हवं तसं चाटू देतो आणि संध्याकाळी विहिरीवर सात पाण्यांनी हात धुतो. जैतुनबी दारातून मोजते.

विलायतेहून दर दोन महिन्यांनी पत्र येतं. शालूला पिल्लं झाली, शालू लठ्ठ झाली, शालू डॉरिसच्या खोलीत झोपते. मेमसाहेब व्हरांड्यात ते वाचून दाखवतात. दर वेळी अब्बास म्हणतो, माझा एक सवाल लिहा ना. मेमसाहेब हसतात, लिहीन म्हणतात. एकदा खरंच लिहिला. उत्तरात पिल्लांचे रंग आले, त्याचं काही आलं नाही. सवाल तोच आहे, आणि गेल्या महिन्यात त्यानं तो पुन्हा विचारला.

"मेमसाहेब, एवढंच विचारा. डॉरिसनं किंवा कोणीही तिच्यापुढे पालथा हात केला, तर ती अजून तोंड वळवते का?"