सुमेधाची बर्फरेषा

कुवेतमधल्या अबू हलीफाच्या आमच्या इमारतीत सुमेधा नेमकं काय काम करते, हे कुणालाच धड सांगता येत नसे. तिचा नवरा देवेंद्र अहमदीला एका ठेकेदाराकडे अकाउंट्स बघतो. तो म्हणायचा, "ती डोंगर बघते." पन्नास डिग्रीच्या गावात बसून हिमालयातला बर्फ मोजणारी बाई! मी तिच्या समोरच्या फ्लॅटमधली, रत्नागिरीकडची, मला तोंड आवरत नाही. पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, "अगं, इथे फ्रीजबाहेर काढला की बर्फाचं पाणी होतं, तू कुठला मोजतेस?" ती हसली नाही. मला समोर बसवून तिने सगळं समजावलं.

हिमनदीच्या अंगावर एक उंची असते. तिच्या वर हिवाळ्यात पडलेला बर्फ उन्हाळा संपला तरी थोडा शिल्लक राहतो. तिच्या खाली तो सगळा वितळतो आणि जुना, घट्ट झालेला बर्फही झिजतो. त्या उंचीला म्हणतात समतोल रेषा. रेषा खाली असेल तर हिमनदीचं पोट भरतं, ती वर सरकत गेली की तिचे दिवस भरत आले. सुमेधा उपग्रहाच्या फोटोंवरून आजची रेषा काढायची आणि हिमनदीने पूर्वी कडेला ढकलून ठेवलेल्या दगडमातीच्या बांधांवरून जुनी. पुण्यात ती हेच शिकली होती. मग लग्न, कुवेत, लेक आणि कितीतरी वर्षं नुसतं घर. तिचे जुने सर, अरुणकुमार, यांनी घरबसल्या करायला हे काम दिलं, तेव्हा ती जिन्यातच माझ्या गळ्यात पडून रडली होती. त्या कामात तिचा जीव होता.

तो शुक्रवार होता. माझा नवरा मुनव्वर जुम्म्याच्या नमाजला गेला होता आणि मी माझा कुकर परत आणायला सुमेधाकडे गेले. दार सताड उघडं, आणि बाई लॅपटॉपसमोर पांढरीफटक.

"रबियाआपा, मी चुकले," ती म्हणाली. "आणि ते आज पाट खणायला घेणार आहेत."

तिने रेषा काढून दिली होती ती हिमाचलातल्या लाहौलमधल्या एका गावासाठी. गावाच्या डोक्यावर लहानशी हिमनदी, तिचा ओढा हाताशी. त्या ओढ्यातून नवा पाट काढायचा, की डोंगराला वळसा घालून लांबच्या मोठ्या नाल्याचं पाणी आणायचं, हे आज दुपारच्या बैठकीत ठरणार होतं. तिची रेषा जुन्या रेषेपेक्षा जेमतेम वर होती, म्हणजे हिमनदी ठणठणीत. तेवढ्यावर विसंबून अरुणकुमार सर ओढ्याला हो म्हणायला स्वतः तिथे गेले होते.

ऑगस्टचे फोटो ढगाळ म्हणून तिने बाजूला टाकले होते. सप्टेंबरअखेरचा एक अगदी स्वच्छ मिळाला, तो घेतला. इथे बाराही महिने डोक्यावर मोकळं आकाश, ढग दिसले की बाईला ते घाणच वाटत असणार! पण तिकडे आकाश निवळतं ते बर्फ पडून गेल्यावर. गावात दाखवायचं चित्र त्या दिवशी मोठं करताना तिला दिसलं, की हिमनदीवर पांढरा रंग जिथे थांबतो, त्याच उंचीला तो शेजारच्या उघड्या खडकांवरही थांबतो. म्हणजे उन्हाळा काढलेला तो बर्फ नव्हेच, नुकता पडलेला ताजा. तिने ऑगस्टचे फोटो पुन्हा काढले, ढगांच्या फटींतून पाहिले. खरी रेषा पार माथ्याला टेकली होती. बर्फ टिकेल अशी जागा त्या हिमनदीवर उरलीच नव्हती.

"खणण्यातच त्यांची वर्षं जातील, आपा. आणि मग ओढाच आटेल."

देवेंद्र दारात उभा होता. "सर परत आले की सुधारित आकडा पाठव ना," तो म्हणाला. "भर बैठकीत त्यांना तोंडघशी पाडलंस, तर पुन्हा काम कोण देईल तुला?"

मला त्याचा असा राग आला! पण तो खोटं बोलत नव्हता, त्याचाच जास्त राग आला.

सुमेधाने फोन लावला. लागेना. मेसेज जाईनात. तिथलं घड्याळ आपल्या पुढे, बैठक सुरू झालेली असणार. ती लावत राहिली, ओठ चावत राहिली. मी कुकर मांडीवर घेऊन बसले होते, तो खाली ठेवायचंही मला सुचत नव्हतं. शेवटी एकदाची रिंग गेली.

"सर, माझी रेषा चुकली आहे." एका दमात तिने सगळं सांगितलं.

पलीकडे वाऱ्याचा आवाज. मग सर म्हणाले, "आत्ता, सुमेधा? इथे कुदळींना टिळे लावून झालेत."

"चूक माझी आहे, सर. पण ओढा नको."

"पुढचं काम तुझ्याकडे देणं मला अवघड जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग तूच सांग त्यांना." त्यांनी फोन लोकांसमोर धरला.

सुमेधाने हिंदीतून सांगितलं. एकही शब्द तिने गिळला नाही. पलीकडे गलका झाला. कुणीतरी चिडून बोललं, कुणीतरी लांबच्या नाल्याचं नाव घेतलं, आणि हळूहळू सगळे त्या नाल्यावरच बोलायला लागले. मग एक म्हातारा आवाज फोनजवळ आला.

"बेटी, आप कहाँ से बोल रही हैं?"

"कुवैत से, बाबा."

"वहाँ भी बर्फ़ है?"

"नहीं, बाबा."

"तो पानी?"

"समुंदर का खारा पानी मीठा करते हैं।"



"हमारे पास समुंदर नहीं है, बेटी," म्हातारा म्हणाला.