मंडळाच्या माइकवरचं खगोलशास्त्र

आमच्या परळच्या कॉलेजात खगोलशास्त्र हा ऐच्छिक विषय पहिल्यांदाच सुरू झाला, तेव्हा अट साधी होती: शुक्रवारपर्यंत वीस मुलं टिकली तर विषय राहील, नाहीतर बंद. बंद झाला की बारा वर्षं त्यासाठी अर्ज करणारी मी पुन्हा भिंगांची सूत्रं शिकवायला मोकळी. समोरच्या वर्गात डिजिटल मार्केटिंग होतं. तिथे एसी होता.

मुलांवर आधी छाप पडली पाहिजे, असं विभागप्रमुखांचं मत. त्यांनी माझा परिचय स्वतः लिहून मला वाचायला दिला. त्यात मी ‘ज्ञानाकाशातील सर्वात तेजस्वी ध्रुवतारा’ होते. ध्रुवतारा तसा बेताचाच उजळ असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. उद्घाटनाला फोडायला त्यांनी नारळही आणला होता.

सोमवारी अडतीस मुलं आली. कागद उघडून मी माइकवर टिचकी मारली आणि तिथेच घात झाला. काळाचौकीच्या आमच्या मंडळात गर्दीच्या आणि हरवलेल्या पोरांच्या घोषणा सात गणपती मीच केल्या होत्या. टकटक ऐकताच तोंड आपोआप सुरू झालं.

“हॅलो, हॅलो. सर्व भाविकांना नम्र विनंती, ढकलाढकली करू नका. दर्शन सगळ्यांना मिळेल.”

विभागप्रमुखांनी नारळ छातीशी धरला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, मुखदर्शनाची लाइन वेगळी आहे का?”

मला हसू आवरेना. कागद पर्समध्ये गेला आणि मी खरं ते सांगून टाकलं, मंडळातल्या घोषणांसकट. चाळीत दोन इमारतींमध्ये आकाशाची एक पट्टी दिसायची. एकदा तिथे गुरू आला. मी त्याला विमान समजले आणि ते उतरायची वाट बघत बसले. आता कुठे त्याच आकाशाकडे बघायचा पगार मिळतोय.

शुक्रवारी एकोणीस मुलं होती. मी तीनदा मोजली. विभागप्रमुख हजेरीपट घेऊन दारात उभे. तेवढ्यात त्यांच्या हाताखालून एक मुलगी वाकून आत आली. सोमवारी पहिल्या बाकावर बसलेली, मंगळवारपासून समोरच्या वर्गात गेलेली.

“मॅडम, हरवले होते,” ती म्हणाली. “घोषणा करा ना.”

मी टिचकी मारली. “एसीच्या वर्गात हरवलेली एक मुलगी सापडली आहे. विभागप्रमुखांनी सही करून तिला आत सोडावं.”

त्यांनी सही केली. मग शिपायाला हाक मारून आपल्या टेबलावर पडून असलेला सोमवारचा नारळ मागवला.