न पाहिलेला कावळा

आईच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत होतो. कावळा शिवेना, तेव्हा तिची काही इच्छा राहिली असेल म्हणून दादा हात जोडून म्हणाला, "आई, अण्णांना आम्ही सांभाळू गं."

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर आपल्या वडिलांच्या दहाव्याचा पिंड ठेवायला एक नट आला. त्याची मालिका आई रोज जेवताना बघायची. आम्ही सगळेच वळलो. मामी व्हिडिओ काढत म्हणाली, "टीव्हीत उंच वाटतो, नाही?"

वळलो त्यात हौस नव्हती, कौतुकही नव्हतं. पडद्यावरचा चेहरा समोर आला की मान आपली आपण वळते. तिला सुतक नसतं.

पुन्हा इकडे बघितलं, तर पानावरचा पिंड विस्कटलेला.

"शिवला का?" दादाने विचारलं. कावळा की कुत्रं, कुणालाच सांगता येईना.

"मामी, तुझ्या व्हिडिओत बघ."

आम्ही सगळे मोबाइलवर वाकलो. कावळा त्यात होता, अगदी स्पष्ट. नटाच्या वडिलांच्या पिंडावर बसलेला.