साहेबाच्या लिलावातली खुर्ची

वाचनालयाच्या फळ्यापाशी थांबलेल्या मंडळींनो, मी बाजारातला सुतार. दुपारपासून डोकं तापलं हाये, म्हून हा कागद टाचून राह्यलो.

बदली झालेल्या साहेबाच्या सामानाचा आज वाशीमात लिलाव झाला. केनवडच्या पाटलांनी नवीच्या दुप्पट दाम देऊन एक वापरलेली खुर्ची घेतली. पाय हालतो म्हून तशीच माह्या दुकानात आनली.

"मिस्तरी, नीट करून दे. पन जपून, विलायती माल हाये!"

मी खुर्ची उलटी केली. बैठकीखाली पटाशीनं मारलेल्या तीन खाचा, माही नेहमीची निशानी! चार वर्सांमागं साहेबाच्या बंगल्यासाठी मीच केली होती. साहेब मागच्या दोन पायांवर झुलत बसे, त्यानं सांधे ढिले झाले. अन् हिच्याच जोडीची कोरी खुर्ची दसऱ्याले पाटलांनी "गावठी काम" म्हून नाकारली होती!

ती आनून मी हिच्या शेजारी ठेवली. पाटलांनी दोन्ही खुर्च्यांच्या खाचा बोट लावून पाह्यल्या. मंग म्हनते, "असंल बाप्पा. पन हिच्यावर साहेब बसला ना!"

आता तुमीच सांगा, खुर्ची घेतानी तुमी लाकूड पाह्यता, का तिच्यावर कोनाचं बूड टेकलं ते?