रेल्वेच्या जागेतलं गवत

आमच्या परतूर तालुक्यातल्या गावात स्टेशनामागं रेल्वेची मोठी जागा रिकामी पडून आहे. तिथं काय करावं, याचा दर ग्रामसभेत नवा ठराव होतो आणि रेल्वेकडं परवानगीला जातो.

एक बाई प्रत्येक सभेला येते. गवताचा भारा दाराशी टेकवते, विळा मांडीखाली सरकवून बसते. ठराव बाजाराचा असो की सभागृहाचा, हात पहिला तिचाच वर. मला वाटायचं, हिला गावाच्या विकासाची केवढी हौस! नाव मात्र अजून माहीत नाही.

एकदा न राहवून विचारलं, "मावशी, तुम्हाला तिथं नेमकं काय पाहिजे?"

"काहीबी करा," लुगड्याची कुसळं काढत ती म्हणाली. "ठराव बदलला की अर्ज पुन्हा पयल्यापासून जातो. तवर गवत माझ्या म्हशीचं."

परवाच्या सभेत सरपंचांनी रेल्वेचा होकार वाचून दाखवला. बाजाराला जागा मिळाली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. मग तिचा हात वर गेला.

"बाजार बराबर हाय, सरपंच. पण त्याच्याऐवजी बगिचा केला तर?"

"बगिचाच पाहिजे!" मागून दोघं ओरडले. वाद चांगला पेटला, तशी ती विळा घेऊन उठली.