पाच वाजताचं दुखणं

छातीच्या मधोमध मूठ टेकवून तो सांगायचा, "इथी. कोणी आतून पिळून राह्यलं असं." आणि लगेच हसायचा. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्या तक्रारीवर सगळे हसतात, कारण तो स्वतःच आधी हसतो.

घुग्घुसजवळच्या एका कोळसा खाणीत तो डंपर चालवायचा. मी खाणीच्या दवाखान्यात ईसीजी काढायचो. त्याचं दुखणं यायचं पहाटे पाचला, पहिल्या पाळीसाठी उठताना. घाम फुटायचा, डावा हात जड व्हायचा आणि दहा मिनिटांत सगळं ओसरायचं. दवाखाना उघडायचा नऊला. तोवर ईसीजीची रेघ अगदी नेहमीसारखी. डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या.

"दुखणं पाचले येते, मशीन नऊले उठते," तो मला म्हणाला. "दोघायची भेट कशी होईन, भाऊ?"

मीही हसलो.

एकदा नागपूरला पाठवून त्याची अँजिओग्राफी केली. कुठेच अडथळा नव्हता. तो चांगला कागद त्याच्याच अंगावर उलटला. पहिली पाळी चुकवायला नाटक करतो, असं खाणभर झालं. बाकीचे डंपरवाले छातीला हात लावून त्याची नक्कल करत. तोही त्यांना दाद द्यायचा, "थोडं खाली धरा, खाली."

एका संध्याकाळी तो माझ्या क्वार्टरवर आला. त्या दिवशी हसला नाही. म्हणाला, "मोठा भाऊ असाच गेला माहा, चाळिशीत. एक डाव पहाटे मशीन लावून पाहा ना." मी नियम सांगितला: वेळेआधी खोली उघडता येत नाही. नियम होता, हे खरं. मला पहाटे उठायचं नव्हतं, हे जास्त खरं.

तीन आठवड्यांनी पहाटे मोटरसायकलला किक मारताना तो दारातच कोसळला, तो उठलाच नाही.

वर्षभराने त्याची बहीण आली. ती गडचिरोलीत नर्स. तिलाही तसंच दुखायचं, पण एकदा पहाटे ड्यूटीवरच दुखलं आणि सोबतिणीने तिथल्या तिथे ईसीजी काढला. रेघ उंच चढलेली. जिभेखाली गोळी ठेवल्यावर रेघ खाली आली. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी तिला जे समजावलं, ते तिने मला समजावलं. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं, त्याने वाहिनी सैल राहते. काही घराण्यांत आईबापांकडून आलेल्या जनुकात बारीकसा फरक असतो. मग तो वायू कमी पडू शकतो आणि साफ वाहिनीसुद्धा एकाएकी आवळते, पुन्हा मोकळी होते. तिच्या रक्तात तो फरक सापडला होता. रोजच्या गोळीने दुखणं थांबलं होतं.

"तुमचे डॉक्टर गॅस म्हणत होते ना," ती म्हणाली. "गॅसच होता. कमी पडला."

तिने भावाचे ईसीजी मागितले. मी सात कागद पुढे ठेवले. प्रत्येकावरची वेळ तिने बोट ठेवून वाचली, सगळ्या नऊनंतरच्या. मग माझं घर कुठे, ते विचारलं. मी खिडकीतून मागचंच क्वार्टर दाखवलं. तिने नजरेनेच अंतर मोजलं.

त्याची मुलगी सतरा वर्षांची आहे, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "तिला कधी दुखलं तर मला उठवा. केव्हाही."

"नाई. तिले मी गडचिरोलीले घेऊन चालली."

सातही कागद टेबलावर पालथे घालून ती निघून गेली.